उंबऱ्यावरून दिसणारी रेघ

भोरच्या बाजारपेठेतून चालताना कधी मान वर करून बघा. फ्लेक्सच्या आड, कुठं शटरच्या वरच्या पट्टीवर, कुठं बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर माझ्या हातची अक्षरं अजून तीन-चार ठिकाणी शिल्लक आहेत. रंग उडालाय, पण अक्षरांखालची रेघ शाबूत आहे. रोज सकाळी दूध आणायला जाताना मी ती बघून येतो. बायको म्हणते, म्हातारा दुधाला जातो की लेकरांना भेटायला, कळत नाही. दोन्ही खरं आहे.

मी रशीद पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोचे पट्टे, शाळांच्या भिंती, देवळांचे सभामंडप, दर्ग्याची कमान. भोर-वेल्ह्यात ज्याच्या दारात भिंत होती त्याच्या दारात मी शिडी लावलेली आहे. संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती ढीगभर आहेत. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढं येऊन बसते आणि बाकीच्यांना जागा देत नाही. म्हणून आधी दोन गमती उरकतो आणि मग तिच्याकडं वळतो.

लोकांना वाटतं पेंटर म्हणजे रंग. अहो, रंग दुकानात मिळतो. पेंटर म्हणजे रेघ. माझे अब्बा पेंटर होते. त्यांनी पहिलं वर्षभर मला रंगाच्या डब्याला हात लावू दिला नाही. उन्हाळ्यात नदीच्या घाटावर न्यायचे, हातात ब्रश द्यायचे आणि तापलेल्या काळ्या दगडावर पाण्यानं रेघ ओढायला लावायचे. हात पुरेल तेवढी लांब, सरळ, एका दमात. ऊन असं की रेघेचं शेवटचं टोक गाठेपर्यंत पहिलं टोक वाळून गेलेलं असायचं. अब्बा पायरीवर बसून म्हणायचे, "पुरी दिसू दे एकदा. दम धरून ओढ. मधे श्वास घेतलास की रेघेला कळतं." किती दिवस गेले कोण जाणे. एका सकाळी मी रेघ ओढली, हात उचलला, आणि ती आख्खी, ओली, चमकत दगडावर पडून होती. क्षणभरच. मग डावीकडून विरत गेली. मी तिथंच रडायला लागलो. अब्बांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चल, आता रंग कालवू.

बाहेरच्या माणसाला एवढंच सांगतो की चित्र असो नाहीतर पाटी, तिचं हाड म्हणजे रेघ. आडवी रेघ निजलेली असते, तिच्याकडं बघून माणूस निवांत होतो. उभी रेघ जागी असते, ती थांबवते. तिरकी रेघ चालायला लागलेली असते. आणि नजर म्हणजे उताराचं पाणी, रेघ नेईल तिकडं जाते. हे मला पाठ होतं, पण समजलं गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन.

मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला बबनराव म्हणून एकांचं हॉटेल होतं. त्यांना पाटी एकदम फास्ट पाहिजे होती. मी अक्षरं पुढं झुकवली, खाली तीन तिरके पट्टे मारले. पाटी बघून बबनराव खूश, मीही खूश. पंधरा दिवसांत गडी भोरला हजर. "पेंटर, तुमची पाटी माझं गिऱ्हाईक पळवती!" मी चिडलो. पाटी कधी गिऱ्हाईक पळवते होय? पण गेलो, आणि समोरच्या आंब्याखाली अर्धा दिवस बसून राहिलो. पुण्याकडून मोटरसायकली यायच्या, माणसांची नजर पाटीवर पडायची, पट्टे धरून वेल्ह्याच्या दिशेनं सरकायची आणि नजरेमागोमाग गाडीपण निघून जायची. मी पट्टे खरवडले. अक्षरांखाली एक जाड आडवी रेघ टाकली आणि दाराला लागून एक उभी. बस, दोन रेघा. गाड्या थांबायला लागल्या. आता त्या रेघांमुळं थांबल्या, की त्याच आठवड्यात बबनरावांनी भज्यांचं तेल बदललं म्हणून, हे मी आजवर विचारलेलं नाही.

दुसरी गंमत विंझरची. सभामंडपाच्या भिंतीला खाली गेरूचा पट्टा मारायचा होता. मी पाण्याची नळी लावून दोन्ही टोकांची पातळी घेतली, रंगाची पूड लावलेली दोरी ताणली, टिचकी मारली. तंतोतंत सरळ रेघ उमटली. आणि जो येईल तो म्हणे, पट्टा कललाय! छप्पर जुनं, एका अंगाला बसलेलं, त्यामुळं सरळ रेघ वाकडी दिसत होती. मी तासभर भांडलो. म्हटलं, नळीतलं पाणी खोटं बोलत नसतं. देवळाचे गुरव शांतपणे म्हणाले, "पाणी खरंच बोलत असंल, रशीदभाई. पर रोज हितं बसायचंय आमाला. पाण्याला न्हाई." मी दोरी सोडली आणि डोळ्याच्या अंदाजानं पट्टा एका बाजूला दोन बोटं खाली घेतला. सगळ्यांनी मान डोलावली. रेघ भिंतीवर असते असं मी तोवर समजत होतो. ती बघणाऱ्याच्या बसायच्या जागेवर असते हे त्या दिवशी कळलं, पण पुरतं नाही. पुरतं कळायला हिर्डोशीकडं जावं लागलं.

ही गोष्ट फार जुनी नाही, दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वीची. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम संपलंच होतं, उरल्या होत्या शाळांच्या बोलक्या भिंती. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडं एक वाडी आहे. तिचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि लोक पलीकडच्या उतारावर येऊन बसले. तिथल्या शाळेच्या भिंतीवर मी देखावा काढत होतो. कुठला देखावा म्हणून काय विचारता? तुम्हीही लहानपणी तोच काढला असेल. दोन तिकोनी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड. ज्या गावात आंबा, जांभूळ आणि हिरडा सोडून चौथं झाड सापडायचं नाही, तिथं मी नारळ लावत होतो. हात आपोआप चालायचा, मी मनात घरी पोचलेलो असायचो.

मागं कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर नव्वदीच्या घरातली एक म्हातारी, ताठ, काष्टा घातलेली, आणि तिचा दंड धरून साठीचा मुलगा. मुलगा म्हणजे किसन, शाळेला पाणी-बिणी आणून देणारा, माझ्या ओळखीचा झाला होता. म्हातारी त्याची आई, यमुनाबाई.

"ह्यो कुणाचा डोंगर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "कुणाचा नाही मावशी, देखावा आहे."

"व्हय, पर कुणाचा? रोज हितनंच उगवतो का सूर्य, ह्या दोघांच्या मधून?"

"हो की."

"मंग तरवा कवा टाकायचा?"

तरवा म्हणजे भाताची रोपं करायला पेरतात ते. त्याचा आणि माझ्या देखाव्याचा काय संबंध? मी हसलो. किसन हसला नाही. आईला घरी सोडून तो परत आला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "रशीदभाई, एक काम हाय. पर आदी ऐकून घ्या."

यमुनाबाईंची आठवण दोन वर्षांपासून सुटत चालली होती. सुनेचं नाव गेलं, मग नातवंडांची गेली. किसनला ती त्याच्या मामाच्या नावानं हाक मारायची. ते घरच्यांनी सोसलं. पण रोज दिवस कलला की ती उठायची आणि म्हणायची, चला, घरी चला. आणि उतार धरायची. खाली काय, तर पाणी. जुनं घर त्या पाण्याखाली होतं आणि तिच्या लेखी ते तिथंच होतं. मागच्या भादव्यात ती गुडघाभर पाण्यात सापडली होती.

"मी रानात, बायकू गोठ्यात. कोण किती नजर ठिवणार?" किसन म्हणाला. मग खिशातून त्यानं एक नवीकोरी लोखंडी कडी काढली. "भायेरनं लावायची म्हून आणलीया. महिना झाला, खिशात घिऊन फिरतोय. जल्म दिलेल्या आयेला कोंडायचं. हात हुईना बगा." कडी त्यानं परत खिशात घातली. "आमच्या जुन्या उंबऱ्यातनं डोंगर दिसायचा. तेवढा भितीवर काढून द्याल का? तिला वाटंल, आलो घरी."

मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून घे, कशाला मला. खरं तर फ्लेक्सवाल्यांकडं गिऱ्हाईक पाठवायची ही माझी पहिली आणि शेवटची वेळ. किसन म्हणाला, "भाच्यानं केलता. ह्यो एवढा फ्लेक्स. तिनं त्याच्यावर धुणं वाळत घातलं."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. मोबाईलमध्ये सगळा डोंगर मावतो, पण मावताना बारका होतो. डोळ्याला जो अंगावर आल्यासारखा दिसतो, तो फोटोत कुंपणासारखा पडून राहतो. मी हो म्हटलं.

मेच्या शेवटी धरणाचं पाणी उतरलं तेव्हा किसनबरोबर खाली गेलो. जन्मभर रेघा ओढणाऱ्या माणसानं जे बघायला पाहिजे होतं ते मी वयाच्या पासष्टीत पहिल्यांदा बघितलं. पाणी टप्प्याटप्प्यानं उतरलेलं, आणि प्रत्येक टप्प्याची एक रेघ उतारावर राहिलेली. एकीखाली एक, शेकडो, सगळ्या आडव्या, सगळ्या सारख्या पातळीच्या. कुठली नळी नाही, दोरी नाही. आणि त्यांच्या खाली चिखलातून वर आलेले भातखाचरांचे जुने बांध, तेही त्याच पातळ्या धरून डोंगराच्या अंगानं वळत गेलेले. कुण्या पणज्या-खापरपणज्यांनी नुसत्या डोळ्यानं घातलेले बांध, आणि पाण्यानं मारलेल्या रेघा. दोघांत बोटभर फरक नव्हता. मी चपला काढल्या. किसनला वाटलं चिखल लागू नये म्हणून काढल्या.

तो बांध मोजत पुढं चालला. सातव्या बांधावर उजवीकडं वळला, आणि एका ठिकाणी थांबून पायानं गाळ सारला. खाली घडीव दगड निघाला. गाव उठलं तेव्हा लाकडी उंबरा काढून नव्या घराला बसवला होता, त्याच्याखालचा हा दगड इथंच राहिला होता.

"हितं बसायची आय. भाकऱ्या झाल्या की."

मी त्या दगडावर बसलो. समोर, पूर्वेला, पाण्यापलीकडं डोंगराची कड आभाळाला लागली होती. वरून, नव्या वाडीतून, हाच डोंगर मी चार दिवस बघत होतो, पण तिथून तो निराळाच दिसतो, पाठमोऱ्या माणसासारखा. इथून तो तोंड करून होता. मी कागदाची गुंडाळी उलगडली आणि किसन बोट दाखवत सांगू लागला.

"त्यो डाव्या अंगाचा सुळका. सूर्य त्याच्यापाशी गेला की तरवा टाकायचा. तिथनं फुडं त्यो जात न्हाई, मागं फिरतो. ह्यो सपाट माळ, तिथं आला की लावणी उरकाया पायजे. आन त्यो बारका दात दिसतोय? गव्हाएवढा? सूर्य सुळक्याकडं जाताना त्या दातावर उगवला की राब भाजायचा, तरव्याची जमीन भाजायला. आन येताना त्याच दातावर उगवला की भात कापाय घ्यायचं. जाताना राब, येताना कापणी. हे आमाला आयेनंच शिकिवलं. ती कॅलेंडर बगत न्हवती. चुलीवरनं उठून उंबऱ्यात आली, एकदा वर बगितलं, की घरात सांगायची, आज ह्ये करा."

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. म्हातारीनं मला शाळेत विचारलं होतं, मग तरवा कवा टाकायचा? मला तो भ्रमिष्टपणा वाटला होता. वेडा मी होतो. दोन तिकोन काढून त्यांच्या मधोमध रोजचा सूर्य चिकटवून गावोगाव फिरलो, आणि डोंगराची कड वाचता येणारी माणसं माझ्या शिडीखालून मुकाट्यानं येत-जात राहिली. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त नवल वाटलं. एक रेघ, आणि तिच्यावर घराचं आख्खं वर्ष चालायचं!

किसनच्या नव्या घरात पडवीची एक भिंत चांगली लांब होती. यमुनाबाई उंबऱ्यावर बसल्यावर डोळा किती उंचीवर येतो ते मी दोरीनं मापून घेतलं. विंझरच्या गुरवांनी दिलेला धडा होता तो. किसनला हिरवा, पिवळा, लाल सूर्य सगळं हवं होतं. मी म्हटलं, रंग नको. डोंगर सकाळी निळा, दुपारी तांबूस, पावसात नाहीसाच होतो. तिच्या डोळ्यात कुठला रंग राहिलाय आपल्याला काय माहीत? रेघ तेवढी बदलत नाही. चुन्याच्या भिंतीवर काळसर निळी एकच रेघ ओढायची ठरवली. एवढी लांब रेघ एका दमात होत नाही. मग मी कागद बघून ठरवलं, डोंगर जिथं स्वतः खिंडीत उतरून दम घेतो तिथंच आपण घ्यायचा. सकाळी सुरू केली आणि दुपार कलायच्या आत उजवं टोक गाठलं. खरं सांगतो, इतकी सुबक रेघ माझ्या हातून कधी उतरली नव्हती. मी दोन पावलं मागं सरून स्वतःवरच खूश होऊन बघत होतो.

यमुनाबाई तोवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुनेनं सूप उचललं तशा त्या उठल्या आणि भिंतीपाशी आल्या. सुळक्यापाशी बोट टेकलं आणि रेघेवरून उजवीकडं न्यायला लागल्या, हळूहळू, अर्धवट वाळलेल्या रंगावरून. माळ ओलांडला. खिंडीत उतरल्या, वर चढल्या. पुढं एका जागी बोट थांबलं. मागं गेलं. परत त्याच जागी येऊन थांबलं.

"हितला दात कुठं गेला?"

मी म्हटलं, "मावशी, तिथं सरळच आहे."

"न्हाई. दात हाय हितं."

किसननं माझ्याकडं बघितलं. मी गुंडाळी उघडली. कागदावर दात होता. गव्हाएवढा, माझ्याच पेन्सिलीनं काढलेला, आणि शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'जाताना राब, येताना कापणी'. भिंतीवर मी तो गाळला होता. मुद्दाम नाही. पन्नास वर्षांची खोड, रेघेत काही टोचलं की हात आपणहून गुळगुळीत करत जातो. सगळ्या डोंगरात तिला ज्याची गरज होती तेवढंच मी सुबकपणापायी पुसून टाकलं होतं. आणि पोटच्या मुलाचं नाव जिला आठवत नव्हतं, तिच्या बोटाला ते अंधारात चाचपडल्यासारखं, पण नेमकं सापडलं होतं. यापुढं माणसानं आपल्या हाताची काय घमेंड करावी?

मी बारका ब्रश घेतला. तिनं बोट काढलं नाही, त्याच्या शेजारीच मी दम धरला आणि दात काढला. बोटाएवढी रेघ. घाटावरच्या दगडासारखंच झालं, हात उचलला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. या वेळी रेघ विरली नाही, एवढाच फरक.

पुढं रोज सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. किसन फोनवर सांगायचा, अजून कधी कधी संध्याकाळी उठते, पण भिंतीपर्यंत येते आणि बोट फिरवत राहते. मला मात्र आठवते ती पहिलीच संध्याकाळ. मी ब्रश धुऊन, पिशवी खांद्याला लावून दारात उभा होतो. दिवस कलला. यमुनाबाई उठल्या, आणि सवयीनं किसनही उठला, उताराची वाट अडवायला. सून चुलीपुढून बाहेर येऊन थांबली. म्हातारी दारापर्यंत आली. बाहेर बघितलं. मग मान वळवून भिंतीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि जुन्या घरातून काढून आणलेल्या त्या लाकडी उंबऱ्यावर पदर सावरून बसली.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पावनं, उंबऱ्यात उभं ऱ्हाऊ नगा. आत या, बसा. घर आपलंच हाय." आणि सुनेला म्हणाली, "च्या टाक गं."

मी आत जाऊन बसलो. सून चहाकडं वळली. किसन मागच्या दारानं बाहेर गेला. चहा होईपर्यंत मागून ठोकल्याचा आवाज येत राहिला. निघताना मी मुद्दाम गोठ्याकडून गेलो. ती नवी कडी त्यानं वासरांच्या दाराला बसवली होती.